अभिरूप राष्ट्रसभा आणि तिच्या समित्या

मुंबईच्या इंग्रजी शाळांत व महाविद्यालयांत गेल्या काही वर्षांत एक नवा उत्सव रूढ झाला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बैठकींची नक्कल करावयाची, प्रत्येक विद्यार्थ्याने एकेका राष्ट्राचा वकील व्हावयाचे, समोर त्या राष्ट्राच्या नावाची पाटी ठेवावयाची, आणि दोन-तीन दिवस निःशस्त्रीकरणापासून निर्वासितांपर्यंत जगातील यच्चयावत् प्रश्नांवर भाषणे करून शेवटी ठराव संमत करावयाचे, असे ह्या उत्सवाचे स्वरूप असते. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून विद्यार्थी त्यास 'मन' असे म्हणतात. हे मन समर्थांनी ज्याला उपदेश केला त्या मनाहून अगदी निराळे असून त्याला उपदेशाची गरज मात्र तितकीच आहे. खोट्या खटल्यास अभिरूप न्यायालय म्हणण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे; तिला अनुसरून आम्ही ह्या उत्सवास अभिरूप राष्ट्रसभा असे म्हणू.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. पहिल्या महायुद्धानंतर जो राष्ट्रसंघ स्थापन झाला त्याची नक्कल तेथील विद्यापीठांत १९२० नंतरच्या दशकातच सुरू झाली होती. पुढे संयुक्त राष्ट्रसंघ निघाल्यावर हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १९५५ पासून आणि हेगच्या शाळांनी १९६८ पासून असल्या सभा दरवर्षी भरविण्यास आरंभ केला. आपल्याकडे प्रथम दक्षिण मुंबईतील श्रीमंत शाळांनी त्या उचलल्या, आणि आता त्यांचे लोण भायखळा, माझगाव ओलांडून आमच्या घोडपदेवापर्यंत येऊन पोहोचले आहे. ज्या चाळींतून पूर्वी गिरणीच्या पाळीवर माणसे जात त्याच चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतून आता कोट-टाय घातलेली सोळा-सतरा वर्षांची मुले रविवारी सकाळी फ्रान्स, इराण किंवा केनिया होऊन बाहेर पडतात.

ह्या सभांच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, त्यांच्या योगे मुलांस वक्तृत्व येते, जगाचे ज्ञान होते आणि चारचौघांत वागण्याचा धीटपणा अंगी बाणतो. ह्यातील पुष्कळ आम्हांस मान्य आहे. जे आपले मत नव्हे ते दुसऱ्याच्या वतीने, त्याच्या दृष्टीने, अभ्यास करून मांडण्याचा सराव वकिलीच्या धंद्याबाहेर सहसा कोणास मिळत नाही. लालबागच्या एखाद्या मुलीस पाकिस्तानची बाजू मनापासून वाचून काढावी लागली तर तीत तिचे व देशाचे नुकसान काहीच नाही, झाला तर फायदाच आहे. तेव्हा ह्या सभा बंद पाडा म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हांस कोणी बसवू नये. आमचा वाद आहे तो त्यांतील समित्यांच्या घडणीशी. कोणती समिती भरवावयाची, तीत कोणास बसवावयाचे, बोलावयाचे कोणत्या भाषेत आणि निर्णय मोजावयाचा कसा, ह्या गोष्टी चालकांस केवळ मांडवाच्या सजावटीसारख्या वाटतात. आमच्या मते शिक्षण जे काही होते ते ह्यांतूनच होते. विषय कोणता हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे.

समितीची घडण म्हणजे काय ह्याचा अनुभव आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९४७ साली पंजाब व बंगाल ह्यांच्या सीमा आखण्यासाठी जी दोन मंडळे नेमली, त्यांत प्रत्येकी चार न्यायाधीश होते. दोन काँग्रेसने सुचविलेले व दोन मुस्लिम लीगने सुचविलेले. दोन विरुद्ध दोन अशा मंडळात एकमत कसे होणार हे त्याच्या मांडणीवरूनच कोणासही दिसण्याजोगे होते. झालेही तसेच. जुलै महिन्यात प्रथमच हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या सर सिरिल रॅडक्लिफ ह्यांच्या एकट्याच्या लेखणीवर सर्व काही गेले, आणि कोट्यवधी लोकांची घरे कोणत्या देशात आहेत हे १७ ऑगस्टला त्यांस कळले. त्या मंडळांपुढे उत्कृष्ट वकिलांची उत्कृष्ट भाषणे झाली होती. त्यांचा उपयोग किती झाला?

आता अभिरूप सभांतील समित्या पाहू. त्यांची एक वर्णव्यवस्थाच होऊन बसली आहे. तळाशी महासभेच्या समित्या. त्यांत नवशिकी मुले शे-दीडशेच्या संख्येने कोंबली जातात. त्यांच्यावर सुरक्षा परिषद. तीत मोजकी पंधरा माणसे, आणि तीही अनुभवी. सर्वांच्या वर आणीबाणीची समिती, जिला इंग्रजीत 'क्रायसिस' म्हणतात. तीत प्रवेश मिळणे हा मोठा बहुमान समजतात. ह्या तीन वर्णांच्या बाहेर दोन पंगती आहेत. एक वार्ताहरांची, जीत ज्यांस कोठेच जागा मिळाली नाही त्यांची सोय लावतात, आणि दुसरी अखिल भारतीय राजकीय पक्षांच्या बैठकीची, जिच्याविषयी आम्हांस पुढे बोलावयाचे आहे. ज्या मुलाचे शिक्षण मोठ्या शाळेत झाले आहे, ज्याने पूर्वी अशा पाच-सहा सभांचे शुल्क भरले आहे, तो वरच्या पायरीवर जातो. घोडपदेवच्या शाळेतून प्रथमच आलेला मुलगा दीडशेच्या गर्दीत मागच्या रांगेत बसतो आणि दोन दिवसांत त्याच्या वाट्याला दीड मिनिटाचे एक भाषण येते.

महासभेची ही जी नक्कल होते ती मूळ वस्तूपासून किती दूर आहे हे पाहण्यासारखे आहे. खऱ्या महासभेत आज १९३ राष्ट्रे आहेत व तिच्या सहा मुख्य समित्या आहेत. तेथील बहुसंख्य ठराव मतदानावाचून, सर्वांच्या संमतीने होतात. त्या संमतीसाठी एकेका शब्दावर आठवडेच्या आठवडे घासाघीस चालते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचीच गोष्ट घ्या. आयोगाने केलेला त्याचा मसुदा १९४८ साली महासभेच्या तिसऱ्या समितीपुढे आला तेव्हा त्यावर ऐंशीहून अधिक बैठका झाल्या. त्याआधी अठरा सभासदांच्या आयोगात आपल्या हंसाबाई मेहता बसत होत्या. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ होईल असा जो इंग्रजी शब्द होता तो बदलून 'सर्व मानव' असा शब्द त्यांनी आग्रहाने घालविला. त्या एका शब्दासाठी त्यांस कोणी उत्कृष्ट प्रतिनिधीचे पारितोषिक दिले नाही. १० डिसेंबर १९४८ रोजी ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरुद्ध कोणीही दिले नाही, आणि आठ राष्ट्रे तटस्थ राहिली.

आमच्या अभिरूप महासभेत हंसाबाईंचे काय झाले असते? एका शब्दाची दुरुस्ती सुचविणारी व्यक्ती तेथे परीक्षकांच्या नजरेसच पडत नाही. तेथे नजरेस पडतो तो मध्यंतराच्या गलबल्यात खुर्चीवर उभा राहून तीस जणांचा घोळका आपल्याभोवती जमविणारा, आणि मसुद्याच्या शिरोभागी आपल्या राष्ट्राचे नाव चढविण्यासाठी दुसऱ्याचे नाव खाली ढकलणारा. एकच विषय, एकच मत असलेले दोन घोळके केवळ पुढारी दोन आहेत म्हणून दोन मसुदे करतात, आणि मग त्यांतला एक दुसऱ्याला पाडण्यासाठी मते गोळा करीत हिंडतो. मतैक्य साधणे हा ज्या संस्थेचा नित्याचा व्यवहार, तिच्या नावाने आपण मुलांस मतैक्य मोडावयास शिकवितो, आणि जो ते अधिक सफाईने मोडील त्याला चांदीचा हातोडा बक्षीस देतो!

सुरक्षा परिषदेची गोष्ट थोडी निराळी आहे. तिची नक्कल त्यामानाने बरी वठते, कारण संख्या लहान आणि नियम कठोर. पूर्वी परिषदेत अकरा सभासद होते; १९६५ पासून ते पंधरा झाले. पाच कायमच्या सभासदांपैकी एकानेही नकार दिला की ठराव पडला. ह्या घडणीपुढे वक्तृत्वाची मात्रा किती चालते ह्याचे उदाहरण आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो. १९५७ च्या जानेवारीत काश्मीरच्या प्रश्नावर व्ही. के. कृष्ण मेनन परिषदेपुढे दोन दिवसांत मिळून सुमारे आठ तास बोलले. त्याच वर्षी उत्तर मुंबईच्या मतदारांनी त्यांस मोठ्या कौतुकाने लोकसभेत निवडून दिले. परंतु त्या आठ तासांच्या भाषणानंतरही परिषदेने २४ जानेवारीस भारताच्या मनाविरुद्ध ठराव मंजूर केलाच. पुढे २० फेब्रुवारीस जो दुसरा ठराव आला तो मात्र पडला. तो भाषणाने पडला नाही, रशियाच्या नकाराधिकाराने पडला. हे ज्या मुलाला सुरक्षा परिषदेत बसून कळले त्याचे शुल्क वसूल झाले असे आम्ही म्हणू. पण आमचे चालक काय करतात? नकाराधिकारामुळे सभा रंगत नाही, ठराव होत नाहीत, बक्षिसे देण्यास अडचण पडते, म्हणून कित्येक ठिकाणी पाच राष्ट्रांच्या मुलांस तो अधिकार एकदाच वापरा किंवा वापरूच नका असे आधी बजावून ठेवतात. म्हणजे शिकण्याजोगी जी एक गोष्ट होती तीच काढून घेतली. ह्याला शहाण्यांची सभा म्हणावे की मुलांची भातुकली, हे वाचकांनीच ठरवावे.

आणीबाणीच्या समितीविषयी मात्र आम्हांस मनापासून तिटकारा आहे आणि तो आम्ही लपवू इच्छीत नाही. ह्या समितीत मुले कोणत्या तरी ऐतिहासिक मंत्रिमंडळाचे सभासद होतात. पडद्यामागे एक टोळके बसलेले असते. त्याला प्रत्येकाने गुप्त चिठ्ठ्या पाठवावयाच्या. कोणी सैन्य हलवितो, कोणी बँक लुटतो, कोणी सहकाऱ्याचा खून करवितो. पडद्यामागचे टोळके थोड्या थोड्या वेळाने बाहेर येऊन 'असे असे घडले' म्हणून जाहीर करते. रात्री बारा वाजता मुलांस झोपेतून उठवून नवे संकट सांगण्याचीही एक प्रथा आहे. जो सर्वांत अधिक कारस्थाने यशस्वी करील तो पहिला.

ह्या समितीसाठी क्यूबाचा १९६२ चा पेचप्रसंग हा आवडता विषय असतो. त्या वेळी अध्यक्ष केनेडी ह्यांनी जी खरीखुरी समिती बसविली तिचे काम कसे चालले ते पाहा. १६ ऑक्टोबरला क्षेपणास्त्रांची छायाचित्रे त्यांच्यापुढे आली तेव्हा समितीतील पुष्कळांचा कल तात्काळ विमानहल्ला करावा असा होता. केनेडींनी जवळजवळ आठवडाभर काहीही जाहीर केले नाही. त्या आठवड्यात लोकांची मते बदलली, हल्ल्याच्या जागी सागरी नाकेबंदीचा विचार पुढे आला, आणि २२ तारखेस तोच जाहीर झाला. शेवटी २८ तारखेस प्रश्न मिटला तो तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे अमेरिकेने गुपचूप कबूल केले म्हणून. उघड आव्हान-प्रतिआव्हानाने तो मिटला नाही. त्या समितीने जगाला वाचविले असेल तर ते थांबून, पहिली सूचना बाजूस ठेवून आणि प्रतिपक्षाला मागे फिरण्यास वाट ठेवून. आमच्या अभिरूप समितीत आठवडाभर थांबणारा मुलगा पहिल्याच दिवशी गुणांच्या यादीतून गळतो. पाहता पाहता तेथे अणुबाँब पडतो आणि सभागृहात टाळ्या वाजतात. आम्ही त्या टाळ्या स्वतःच्या कानांनी ऐकल्या आहेत.

पण आमचे खरे भांडण ह्याहून घराजवळचे आहे. आमच्या शेजारच्या इमारतीतील एक मुलगा, ज्याचे आजोबा गिरणीत साच्यावर होते, गेल्या वर्षी अशा एका सभेस गेला. सभा भरविणाऱ्या संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही; दुसरी कोणतीही असती तरी तिने तेच केले असते. शुल्क असे की, त्याच्या आईला महिन्याच्या वाणसामानाचा हिशेब दोनदा मांडावा लागला. त्याला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या समितीत घातले आणि एका राष्ट्राचे नाव दिले. मुलगा वाचणारा. त्याने वाचून असे शोधून काढले की, ह्या संघटनेत राष्ट्राला एक प्रतिनिधी नसतो, चार असतात: दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक कामगारांचा, आणि प्रत्येक जण आपापले मत स्वतंत्रपणे देतो. तेव्हा आपणांस कामगारांचा प्रतिनिधी करावे असे त्याने अध्यक्षांस, म्हणजे एका वीस वर्षांच्या महाविद्यालयीन तरुणास, विनविले. 'तसे आमच्या नियमांत नाही, तू सरकार आहेस,' असे उत्तर मिळाले. तो दोन दिवस सरकार होऊन बसला आणि परत येऊन आम्हांस म्हणाला, 'सर, ह्यांच्या मजूर संघटनेत मजूरच नाही.'

ह्या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना १९१९ साली निघाली आणि तिची पहिली परिषद त्याच वर्षी वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानच्या कामगारांच्या खुर्चीवर तेथे कोण बसले होते? ज्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली ते नारायण मल्हार जोशी. डिलाईल रोडला आज ज्यांचे नाव आहे तेच हे जोशी. त्या परिषदेने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा जो पहिला करार केला त्यात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी निराळे कलम घालून आठवड्याला साठ तास ठरविले. साठ म्हणजे अठ्ठेचाळीसहून बारा अधिक. हा उघड पक्षपात होता, ह्यात शंका नाही. पण १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषाकडून दिवसाला बारा तास काम घेण्याची मुभा होती हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कलमाची किंमत कळते. १९२२ च्या कारखान्यांच्या कायद्यात ते साठ तास आले, आणि दिवसाची कमाल मर्यादा अकरा तास झाली. लालबाग-परळच्या भोंग्यांची वेळ अशा रीतीने वॉशिंग्टनच्या एका समितीत ठरली, आणि ती ठरली त्या वेळी तेथे कामगारांसाठी एक निराळी खुर्ची होती.

त्या खुर्चीवरही वाद झालाच. जोशींस कामगारांनी निवडले नव्हते, सरकारने नेमले होते. कारण देशभरच्या कामगारांच्या वतीने बोलेल अशी एकही संघटना तेव्हा नव्हती. पुढल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत लाला लजपतराय ह्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. आपला प्रतिनिधी आपण निवडावा ही गरज तिच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक होती. समितीत एक खुर्ची ठेवली म्हणून तीवर बसणारा कोणी पाहिजे, आणि तो पाहिजे म्हणून त्याला पाठविणारी संघटना पाहिजे. घडण माणसांस कशी कामाला लावते ह्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणि उलट उदाहरण पाहिजे असल्यास तेही घोडपदेवात मिळते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणीधंद्यात मालकांशी बोलणी करण्याचा अधिकार एकाच मान्य संघटनेस होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा ज्या संघटनेपाशी तो अधिकार होता तिच्यामागे कामगार राहिले नव्हते, आणि ज्यांच्यामागे कामगार होते त्यांस टेबलाशी बसण्याचा अधिकार नव्हता. पगारवाढीइतकीच तो कायदा रद्द करण्याची मागणी त्या संपात होती हे पुष्कळ लोक विसरले आहेत. संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. रामभाऊ भोगले मार्गावरील न्यू हिंद गिरणीच्या जागेवर आज गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या इमारती उभ्या आहेत. त्या इमारतीत वाढलेल्या मुलास बोलणी करण्याच्या टेबलाशी कोणी बसावे हा प्रश्न पुस्तकी वाटण्याचे कारण नाही. त्याच्या आजोबांचे आयुष्य त्या प्रश्नाने उलटेपालटे झाले. अशा मुलास तुम्ही मजूर संघटनेच्या समितीत बोलावता आणि सांगता की, येथे सर्वच सरकार आहेत!

चालक म्हणतील, एका राष्ट्राला चार मुले दिली तर राष्ट्रे कमी पडतील, गोंधळ होईल. काही होणार नाही. बारा राष्ट्रे घ्या. अठ्ठेचाळीस मुले झाली. त्यांत बारा मालक आणि बारा कामगार. मग गंमत पाहा. जर्मनीचा कामगार जर्मनीच्या सरकाराविरुद्ध आणि भारताच्या कामगाराच्या बाजूने मत देईल, मालक मालकांस जाऊन मिळतील, सरकारांस दोहोंचीही मनधरणी करावी लागेल. राष्ट्र म्हणजे एक पाटी आणि एक मत ही जी भोळी समजूत इतर सर्व समित्या मुलांच्या डोक्यात पक्की करतात ती ह्या एका समितीत दोन तासांत ढासळेल. आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांकडून आम्ही हा प्रयोग एकदा करविला. मालकांच्या बाकावर बसलेल्या मुलांनी जो अभ्यास केला होता तो पाहून आम्ही थक्क झालो. आणि सर्वांत मोठा वाद झाला तो घरकाम करणाऱ्या बायकांस कामगार म्हणावे की नाही ह्यावर. तो वाद मुलांनी मराठीत केला, कारण तो इंग्रजीत त्यांस करताच येईना.

येथे भाषेचा प्रश्न येतो. अभिरूप राष्ट्रसभेत इंग्रजीशिवाय दुसरी भाषा काढली तर अध्यक्षांचा हातोडा पडतो. मूळ सभेचे नियम काय सांगतात? संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन व स्पॅनिश. पण महासभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत असेही आहे की, कोणत्याही प्रतिनिधीने ह्यांखेरीज दुसऱ्या भाषेत बोलावे. फक्त दुभाष्याची सोय त्याची त्याने करावी. १९७७ साली परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी तेथे हिंदीत बोलले ते ह्याच मार्गाने. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये जी मोकळीक आहे ती मुंबईत नाही. दुभाषा ही आंतरराष्ट्रीय सभेतील एक मोठ्या जबाबदारीची जागा आहे. दोन भाषा सारख्याच चांगल्या येणाऱ्या मराठी मुलास ती किती शोभेल! पण अभिरूप सभेत ती जागाच नाही. इंग्रजी ज्याची पक्की तो राजदूत, आणि ज्याची कच्ची तो वार्ताहर, असा तेथे हिशेब.

इंग्रजी विद्येच्या प्रारंभी मुंबईतील सुशिक्षितांची बुद्धी ह्याहून अधिक ठिकाणावर होती असे म्हणावे लागते. १८४८ साली एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. त्या तरुणांस इंग्रजीचा अभिमान आजच्याहून कमी नव्हता. तरी देखील आपल्या वादविवादाचा उपयोग चारचौघांस व्हावा म्हणून त्यांनी मराठी व गुजराती अशा निराळ्या ज्ञानप्रसारक सभा चालविल्या आणि त्यांत त्या त्या भाषांतून निबंध वाचले. पावणेदोनशे वर्षांनंतर आपण कोठे येऊन पोहोचलो, हे पाहून खेद होतो.

आता त्या राजकीय पक्षांच्या बैठकीविषयी. ह्या सर्व पसाऱ्यात हीच एक समिती अशी आहे की जीत बहुधा देशी भाषेत, निदान हिंदीत, बोलण्याची मुभा असते. पण तिची घडण पाहावी. सर्वपक्षीय बैठक ही सरकारने बोलावलेली सल्लामसलत असते. तिला ठराव करण्याचा अधिकार नाही, तीत मतदान नाही, ठरलेली कार्यपद्धती नाही. अशा बैठकीची नक्कल करावयाची म्हणजे दूरचित्रवाणीवरील भांडणाची नक्कल करणे होय, आणि मुले तेच करतात. एकमेकांच्या पुढाऱ्यांची उणीदुणी काढतात, बाके बडवितात, एक सभात्याग करतो व पाच मिनिटांनी परत येतो. इंग्रजीत निःशस्त्रीकरण आणि देशी भाषेत शिमगा, अशी ही वाटणी. आपल्या भाषेत विचार होत नाही, फक्त तंटा होतो, हा धडा कोणी फळ्यावर लिहून न देता मुले घेऊन जातात. आम्हांस ह्या एका गोष्टीचा राग इतर सर्वांहून अधिक येतो.

देशी भाषेत विचार करावयाची सभा पाहिजे तर आपल्याकडे नमुने थोडे आहेत काय? परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत ज्यांनी आयुष्याची वीसएक वर्षे काढली त्या डॉ. आंबेडकरांनी घटनासमितीत काय केले ते अभ्यासावे. मसुद्यावर ७६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि कलमागून कलम असे करीत त्यांचा निकाल लागला. एक कलम घ्यावे, वीस दुरुस्त्या घ्याव्यात, आणि दिवसभर तेवढेच चालवावे. संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद १९६६ साली दिल्लीच्या शाळांत सुरू झाली, आणि तिचा उद्देश चांगला होता. पण तीत मंत्र्यांची उत्तरे व विरोधकांचे प्रश्न गुरुजींनी आधीच लिहून मुलांकडून पाठ करून घेतलेले असतात, म्हणून ते नाटकच होते, आणि तेही कंटाळवाणे. पाठांतर नको, कारस्थान नको. दुरुस्त्या करू द्या.

किंवा ह्याहून जवळ या. घोडपदेव महापालिकेच्या ई विभागात मोडते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे २२७ नगरसेवकांच्या जागी एक प्रशासक शहराचा कारभार पाहत होता. ह्याच काळात शहरात अभिरूप सुरक्षा परिषदा जोरात भरत होत्या. आम्ही काही मुलांस विचारले की, तुमचा नगरसेवक कोण? एकाने नाव सांगितले. त्या गृहस्थांची मुदत संपून दोन वर्षे झाली होती. सोमालियाच्या किनाऱ्यावरील चाचेगिरीविषयी त्याच मुलाने पुढे दहा मिनिटे निर्दोष माहिती सांगितली. प्रभाग समितीची अभिरूप बैठक भरवावी, अंदाजपत्रकातील एक खरे पान घ्यावे, आणि पाण्याची जलवाहिनी आधी की मैदानाची दुरुस्ती आधी ह्यावर मुलांस भांडू द्यावे, असे आम्ही एका शाळेच्या चालकांस सुचविले. 'त्याचे प्रमाणपत्र परदेशच्या विद्यापीठात चालत नाही,' असे त्यांनी सांगितले. ह्या उत्तरात निदान प्रामाणिकपणा होता.

मराठीतून अशा सभा चालविण्यास परिभाषा नाही, हा एक आक्षेप आमच्यापुढे वारंवार येतो. आक्षेप घेणाऱ्यांनी विधानभवनातील कामकाजाची एक दिवसाची छापील प्रत आणून वाचावी. प्रस्ताव, मसुदा, उपसूचना, गणपूर्ती, स्थगन प्रस्ताव, हरकतीचा मुद्दा, औचित्याचा मुद्दा, लक्षवेधी सूचना, तारांकित प्रश्न, आवाजी मतदान, सभात्याग. ह्यांतील कोणता शब्द कमी पडतो ते त्यांनी आम्हांस कळवावे. आमच्या शेजारच्या त्या मुलाने हे शब्द एका वहीत उतरवून काढले आहेत. मजूर संघटनेची चार प्रतिनिधींची समिती येत्या दिवाळीच्या सुट्टीत घोडपदेवातच भरवावी असा त्याचा बेत आहे. शुल्क ठेवावयाचे नाही आणि बक्षीसही ठेवावयाचे नाही असे त्याच्या मित्रांनी ठरविले आहे. मालकांच्या बाकावर बसावयास अजून कोणी तयार होत नाही, एवढीच काय ती अडचण.